वडगावला राहिलेली हाक

१

मोटारीचा भोंगा वळणावर दोनदा वाजला, की मी तव्यावर भाकरी टाकत असे. रबरी फुग्याचा भोंगा तो. पहिल्यांदा दाबला की नीट वाजायचा, दुसऱ्यांदा घसा बसल्यासारखा. तुंगार्लीच्या चढावर बंगलेवाल्यांच्या मोटारी येत-जात, पण ती दुसरी बसकी आरोळी आमचीच. भाकरी फुगून खाली उतरेपर्यंत हे मोरीवर पाय धूत असत.

आमची म्हणायची एवढंच, मोटार शेटजींची. त्यांच्या बंगल्यामागे पत्र्याची मोटारखोली होती आणि तिला लागून आमच्या दोन खोल्या. मधल्या खोलीतून मोटारखोलीत जायला एक दार होतं. त्या दाराच्या फटीतून घरात कायम पेट्रोलचा वास यायचा. उदबत्ती लावली की दोन्ही वास मिसळत. देवाला एव्हाना सवय झाली असेल, असं मी म्हणत असे.

हे लोणावळ्याच्या स्टेशनावरून पाहुणे आणत. कुणाला वलवणचं धरण दाखवत, कुणाला खंडाळ्याला सोडत. छातीवर पितळी बिल्ला. तो बिल्ला दर सोमवारी मी देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासायची. सोमवार माझा उपासाचा. लग्नाला चौथं वर्ष होतं, म्हणून श्रावणात शिवामूठही वाहायची होती.

हे मला 'अगं' म्हणत, मी यांना 'अहो'. यांचं नाव मी उखाण्यातच काय ते घेतलेलं, लग्नात आणि मंगळागौरीला. नुसतं, मागंपुढं काही न गुंफता, कधीच नाही. बायकांनी घेऊ नये म्हणतात. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

आषाढात धुकं पार रस्त्यावर उतरलं होतं. वलवणच्या वळणावर पोलिसानं मोटार अडवली. मागचा लाल दिवा विझलेला होता.

"स्टेशनापातुर चालू व्हता, साहेब. आत्ताच गेला," हे म्हणाले.

"ते वडगावला सांग," पोलीस म्हणाला.

वडगावच्या कोर्टाची तारीख मिळाली, ती नेमकी दिव्यांच्या अवसेची. घरातले सगळे दिवे मी पहाटेच घासून पाटावर मांडले. मोटारीचा तो लाल दिवाही यांना सोडवून आणायला लावला, पुसला आणि समयांच्या ओळीत ठेवला.

"आता ह्याच्याफुडंबी निवद ठिव," हे हसून म्हणाले.

मी ठेवला. मग हे टोपी घालून पॅसेंजर गाठायला गेले.

२

हे संध्याकाळी चिंब भिजून परत आले.

"काय झालं हो?"

"कायबी न्हाई झालं. हाकच आली न्हाई."

आमच्या मावळात एक रीत आहे. हाक मारणारा डोळ्यांना दिसत नसेल, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असला तर तो तिसऱ्यांदा हाक मारतोच. जे माणूस नसतं, त्याच्यापाशी तिसरी हाक नसते, असं म्हणतात. भाताच्या खाचरात, रानात, कातळावर, कुठेही वाढलेलं पोर हे चालायच्या आधी शिकतं.

"चिंचंखाली उबा व्हतो," हे टोपी पिळत म्हणाले. "धुक्यात कोर्टाची वसरीबी दिसंना. आतून पट्टेवाल्याची हाक आली, हौशीराम बिन भिमाजी, हाजीर हो! मी गप. दुसरी आली. मी सदरा सारका केला, तोंड उगडून तिसरीला तयार ऱ्हायलो. ती आलीच न्हाई. मला वाटलं, साहेब दुसऱ्या कामात गुतलं. तसाच उबा. मग कारकून भायेर येऊन म्हनला, तुजा पुकारा कवाच झाला, तू गैरहजर."

"अहो, पण तुम्ही तिथेच तर होता."

"तेच सांगत व्हतो त्याला. ऐकतोय कोन?"

दुसऱ्या दिवशी कादरभाई आले. तेही स्टेशनावर मोटार चालवायचे, यांचे जोडीदार. शेजारच्या खोलीत ते आणि त्यांची बायको उम्मेहानी राहत. त्यांनी उंबऱ्यातूनच सुरुवात केली.

"अरं हौश्या, कोर्टात आन् रानात काय फरक हाय का न्हाई? तितं भूत कशाला बलवंल तुला? भुताला सरकार पट्टा देतंय व्हय?"

हे हसले नाहीत. मग कादरभाईंनीही आवाज खाली आणला. "साहेबानं लायसन थांबवलंय रं. फुडली तारीख लागंस्तवर मोटारीला हात लावायचा न्हाई. बिल्ला जमा कराय सांगितलाय."

शेटजींना कळायला वेळ लागला नाही. माणूस वाईट नव्हता, पण पाहुणे त्यांचे होते. "श्रावण सरेपर्यंत मी थांबतो," ते म्हणाले. "परवाना नाही आला, तर मोटार दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल. आणि खोल्या मोटारीबरोबर आहेत, हे तुला ठाऊकच आहे."

यांनी बिल्ला उतरवला. सदऱ्यावर त्याच्या टाचणीची दोन भोकं तेवढी राहिली.

३

घरात दिवसाउजेडी पुरुष बसलेला असला, की घर वेगळं होतं. मला जो आवाज रोजचा, तो यांना नवा. पत्र्यावरून पन्हळीत पडणारं पाणी, बंगल्याच्या माळ्याची खुरपी, दुपारी अडीचच्या सुमाराला एकदम पडणारी शांतता. जेवणं झालेली, चूल निवलेली, पाखरंही गप्प. त्या शांततेत मी तांदूळ निवडत बसायची.

तशीच बसले असताना रस्त्यावरून हाक आली.

"हौशीराम बिन भिमाजी, हाजीर हो!"

मला वाटलं, वडगावचा माणूस आला, तारीख घेऊन. मी पदर सावरून फाटकापर्यंत गेले. रस्ता खालच्या वळणापर्यंत मोकळा होता, ओला आणि रिकामा. माळी झोपला होता. परत आले, तर हे खाटेवर उठून बसलेले.

"कोण होतं?" यांनी विचारलं.

"कुणीतरी चुकलं असेल," मी म्हणाले.

पण चुकलेला माणूस वडिलांच्या नावासकट कसा हाक मारेल? मग मी मनाला समजावलं. कादरभाई थट्टेखोर आहेत, त्यांचंच काम असेल. संध्याकाळी उम्मेहानीला विचारलं, तर ती म्हणाली, "हे तर सकाळधरनं खंडाळ्याला गेल्यात. पन शालू, दुपारी तुज्याकडं आलतं कोन गं? लय मोट्यानं बोलत व्हतं."

म्हणजे माझ्या एकटीच्या कानाचा दोष नव्हता. मला आधी हायसं वाटलं आणि मग अजिबात वाटेना.

हाक दुसऱ्या दिवशीही आली, त्याच शांततेत, एकदाच. दुसरी नाही, तिसरी नाही. रस्त्यावरची हाक मग फाटकाशी आली, पुढं आमच्या अंगणातल्या प्राजक्ताखाली. एके दिवशी पत्र्याला लागून, इतकी जवळ, की पत्रा थरथरला. दर वेळी मी दार उघडून बघायची. कुणाला तहान लागली असेल, कुणी आजारी असेल, असं काहीतरी मनाशी म्हणायची. प्राजक्ताखाली सडा पडलेला असायचा. त्यावर पाऊल नसायचं.

हे आता दुपारी झोपत नसत. हाक यायची वेळ झाली, की खाटेच्या कडेला बसायचे, सदऱ्याची बटणं लावून, टोपी घालून.

"कुठं जायचंय का?" मी विचारलं.

"न्हाई. आपलं तयार असावं." टोपी सारखी करत म्हणाले, "तिसरीच हाय ती. वडगावला ऱ्हायलेली."

"काहीतरीच!"

"एकच येती बघ रोज. एकदा ओ दिली, तर सुटंल बिचारं. कुनाचीबी हाक असू दे, मानूस उत्तराची वाट बघतोच की."

हे यांचं मन. गाडीपुढं कुत्रं आलं तरी हे उतरून त्याला बाजूला करणार. मी यांच्या पायांशी बसले. "माझी शपथ आहे. समोर दिसल्याशिवाय ओ द्यायची नाही."

यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण शपथ घेतली नाही.

४

पुढची तारीख श्रावणात लागली. मी महादेवाला बोलले, परवाना सुटला तर श्रावणातल्या उरल्या सोमवारी पाण्याचा घोटही घेणार नाही. आणि यांच्याबरोबर मीही वडगावला गेले. बाईमाणूस कोर्टात कशाला, असं गाडीत कुणी म्हणालं. मी ऐकलं न ऐकलं केलं.

ऊन पडलं होतं. ती चिंच, ती ओसरी, सगळं उघडं आणि साधं. पट्टेवाला बाहेर आला. म्हातारा, बारीक अंगाचा, पट्टा त्याच्या छातीपेक्षा मोठा. त्यानं तोंड उघडलं, आणि मी यांचा दंड धरला. आवाज तोच होता. रोज दुपारी आमच्या प्राजक्ताखाली यायचा तो.

पहिल्याच हाकेला हे ओरडले, "हाजीर हाय जी!"

लोक हसले. आत फार वेळ लागला नाही. साहेबांनी समज दिली, थोडा दंड केला, परवाना मोकळा केला. बिल्ला परत मिळाला. मी तो पदरानं पुसला आणि तिथेच, ओसरीवर, यांच्या सदऱ्याला लावला. जुन्या भोकांत टाचणी बरोबर बसली.

निघताना यांनी त्या म्हाताऱ्याला रामराम घातला. दत्तोबा त्याचं नाव.

"आबा, अवसंच्या दिशी मला तीन हाका मारलात का वो दोन?"

दत्तोबा पट्ट्याची कड चाचपत राहिला. "तिनच. इतकी वर्सं तिनच मारतोय."

"मला दोनच ऐकू आल्या."

"मलाबी," दत्तोबा म्हणाला.

हे त्याच्याजवळ सरकले.

"तिसरी मारली ना मी. छाती भरून घेतली, तोंड उगाडलं, घसा दुखला. पन माजी हाक मलाच ऐकाय आली न्हाई. वाटलं, म्हातारपन, कान गेलं." त्यानं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "कान न्हाई गेलं, बाळा. बाकी समदं ऐकतो मी."

आगगाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. कामशेत गेलं तेव्हा म्हणाले, "म्हंजी ज्याच्यापाशी तिसरी नव्हती, त्याला ती गावली."

मी यांच्या हातात पेढा ठेवला. "परवाना सुटला. आता हे सगळं इथंच सोडायचं." मला खरंच तसं वाटत होतं. कोर्टात हजेरी लागली, हाकेला ओ मिळाली, फिटलं. देव काही अर्धवट ऐकत नाही.

५

सोमवारी वळणावर भोंगा दोनदा वाजला. माझे डोळे भरून आले. कित्येक दिवसांनी मी त्या आवाजावर भाकरी टाकली. हे मोटारखोलीत मोटार लावून, पुढून फिरून, मोरीवर पाय धुऊन आले. कादरभाईंनी वाटेत थट्टा केली म्हणून सांगत होते. "म्हनला, हौश्या, आता पाव्हन्यानं हाक मारली, तर तिसऱ्या खेपंला मोटार थांबवनार काय?"

मी हसले. उपास माझा, पाट यांचा. मी मधल्या दाराशी देवापुढं बसून मूठभर मूग घेतले होते. शिवामूठ वाहायची आणि मग यांना ताक वाढायचं. ती शांतता पडली, पण मला तिची आठवण राहिली नव्हती.

"हौशीराम बिन भिमाजी."

आवाज मधल्या दाराच्या पलीकडून आला होता. मोटारखोलीतून. मोठ्यानं नाही. घरात घरच्या माणसाशी बोलतात तितकाच. पुढचं 'हाजीर हो' त्यानं म्हटलंच नाही. म्हणायची गरज उरली नव्हती, इतकं ते जवळ होतं.

मी वळले. यांच्या हातातला घास ताटात परत गेला होता. हे उठले. पाटावरून इतकं हळू उठताना मी यांना कधी पाहिलं नव्हतं. नजर दाराकडे. चेहऱ्यावर भीती नव्हती, ओशाळलेपण होतं, कुणाला फार वेळ ताटकळत ठेवल्यावर येतं तसं. ओठ गोल झाले होते. नुसता श्वास सोडायचा बाकी होता.

"अहो!" मी म्हणाले.

ऐकलं नाही.

"अहो, माझ्याकडे बघा!"

एक पाऊल पुढं पडलं. 'अहो' कुणालाही म्हणतात. वाटेवरच्या वाटसरूलाही म्हणतात. यांना नावानं धरलं होतं, आणि मी रिकाम्या हातानं ओढत होते.

मी यांचं नाव घेतलं.

नुसतं. मागंपुढं काही न गुंफता. माझ्या तोंडात ते इतकं परकं वाटलं, की जीभ भाजल्यासारखी झाली. मूठ उघडली, मूग जमिनीवर घरंगळत गेले.

हे थबकले. वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ओ."

यांचा हात धरून मी यांना खाली बसवलं. अंग गार पडलं होतं. काही वेळानं यांनी ताटाकडे बघितलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "ताक वाढतीस ना?"

मी ताक आणायला उठले. उठताना मूग गोळा करावे म्हणून वाकले. काही दाणे मधल्या दाराखालची फट गिळून बसली होती. देवाचे दाणे म्हणून मी वेचत वेचत दाराशी गेले, आणि नजर दाराच्या फळ्यांमधल्या फटीतून आत गेली.

मोटारखोलीत अंधार होता. मोटारीच्या पुढच्या सीटवर, चाकाशी नाही, त्याच्या शेजारी, कुणीतरी ताठ बसलं होतं. चेहरा घराकडे. चेहरा होता, एवढंच मी सांगू शकते, कारण त्यात ओठ हलताना दिसत होते. आवाज अजिबात येत नव्हता. यांचं नाव मी जसं घेतलं तसेच ओठ हलत होते, माझ्या वळणानं, थांबत, पुन्हा पहिल्यापासून. नवी नवरी उखाणा पाठ करते ना, तसं.

मी फटीत फडकं कोंबलं. ताक वाढलं. यांना काही सांगितलं नाही.

६

ताक पिऊन यांनी दार उघडून बघितलं तेव्हा मोटारीत कुणी नव्हतं. त्या दुपारनंतर घराकडे हाक आली नाही. शेटजींनी खोल्या राहू दिल्या. मी बोलल्याप्रमाणे निर्जळी सोमवार केले. उम्मेहानी म्हणाली, "शालू, वाळून काडी झालीस. तुज्या देवाला तरी दया यायला पायजे." मी म्हटलं, आली आहे ना.

आमच्या दोघांत मात्र एक ठरलं. फटीतून काय दिसलं, ते मी न सांगता एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला पुन्हा कधी नावानं हाक मारणार नाही. या जन्मात नाही. कधी, कुठेही, माझ्या आवाजात तुमचं नाव ऐकू आलं, तर ती मी नाही."

यांनी मान हलवली. नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं जुन्या बायका का म्हणत, ते मला आता समजलं असं वाटत होतं. एखादी गोष्ट न बोलण्यानंही माणूस राखता येतो.

दसऱ्याच्या आसपास पुन्हा दोन दिवस धुकं आलं. त्यातल्या एका दुपारी भोंगा नेहमीसारखा वाजला. हे आले, टोपी खुंटीला लावली, तांब्याभर पाणी प्यायले. भाकरी पुढं ठेवली, तरी हात लावेनात.

"आज तू वलवनच्या वळनावर आलतीस का गं?"

"मी? मी घरातून हललेच नाही."

"धरनाच्या अंगानं हाक आली. तुजीच. मी मोटार थांबवली."

माझ्या हातातलं उलथणं तव्यावर वाजलं. "नावानं?"

"नावानं असती, तर मी थांबलोच नसतो. आपलं ठरलंय की." यांनी माझ्याकडे बघितलं. "अहो म्हनली."

चुलीतलं लाकूड तडकलं. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "किती वेळा?"

"दोनदा," हे म्हणाले. "मग मागनं एक मोटार आली, भोंगा वाजवाय लागली. मला निगावं लागलं."

दुसऱ्या दिवसापासून मी भाकरी सकाळीच करून फडक्यात बांधते आणि मोटारीत यांच्या शेजारी बसते. शेटजींना सांगितलं, वलवणच्या देवीला नवस आहे. खोटं नाही. जाता-येता मी तिला हात जोडतेच. स्टेशनावर कादरभाई ओरडतात, "काय वहिनी, हौश्यानं क्लीनर लय भारी ठेवलाय की!" मी हसते. पाहुण्यांनाही आता माझी सवय झाली आहे.

गावात मी बोलते, बाजारात बोलते, यांच्याशी भांडतेसुद्धा. पण धरणाकडचं ते वळण जवळ आलं, आणि धुकं असलं, की मी यांच्याकडे तोंड करून बसते आणि ओठ घट्ट मिटते. दोन्ही ओठ दातांखाली धरते, यांना नीट दिसतील असे. हे मोटार हळू करतात. एकदा रस्त्याकडे बघतात, एकदा माझ्या तोंडाकडे.

तिसरी अजून आलेली नाही. आली, तर ते माझे ओठ नव्हते, हे यांना दिसलं पाहिजे.